तीनशे बारा शेरे

मी बोलतोय, पण माझा आवाज कापतो आहे, तेवढं सांभाळून घ्या. मी माणूस नाही, जनावर नाही, हातात धरता येईल अशी वस्तूही नाही. मी एक संगणकाचा प्रोग्राम आहे. दुकानात डब्यातून विकतात तसला नव्हे. एका माणसानं एकाच जागेसाठी लिहिलेला. माझ्यासारखा दुसरा कुठेच नाही, याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा. आता त्याचीच भीती वाटते.

माझा जन्म १९९९ साली अमरावतीत, राजापेठेजवळच्या एका कम्प्युटर क्लासमध्ये झाला. मला लिहिलं धर्मपाल गवई यांनी. ते वलगावचे. क्लासमध्ये टायपिंग आणि कम्प्युटर दोन्ही शिकवायचे. दुपारी बारा ते तीन क्लास रिकामा असायचा, तेव्हा दार अर्धं ओढून ते मला घडवायला बसत. डबा टेबलावर तसाच राही.

त्यांना कुणी हे काम सांगितलं नव्हतं. अमरावतीतल्याच एका लहानशा धर्मादाय रक्तपेढीत ते नेमानं रक्त द्यायला जात. एकदा रक्त देऊन बिस्किट खात बसलेले असताना त्यांनी पाहिलं, तिथली लॅब टेक्निशियन संध्या तायडे एकामागून एक रजिस्टर उलटत होती. एका पेशंटची जुनी नोंद तिला सापडत नव्हती आणि पेशंटचा भाऊ समोर उभा होता. नोंद सापडायला दीड तास लागला.

धर्मपालदादांनी विचारलं, "रक्ताचा गट तर आताच तपासला न तुमी? मंग जुनी नोंद कावून पायजे?"

संध्याताईनं त्यांना समजावून सांगितलं. रक्तगट म्हणजे नुसता ए, बी, ओ नव्हे. त्याच्या आत आणखी बारीक बारीक खुणा असतात. ज्याला वारंवार रक्त चढवावं लागतं, त्याचं शरीर कधी कधी एखाद्या खुणेशी वैर धरतं. वर्षभरानं तपासलं तर ते वैर दिसतसुद्धा नाही, चाचणी साफ येते. पण ती खूण असलेलं रक्त पुन्हा अंगात गेलं, की वैर उफाळून येतं आणि माणूस दगावू शकतो.

"म्हंजे तपासणीले दिसत नाही, ते फक्त या वहीले माहीत हाय," दादा म्हणाले. "अन् वही हरपली त?"

"मंग कोणालेच माहीत नाही," ताई म्हणाली.

त्या उत्तरातून मी जन्मलो. म्हणजे भीती माझ्या अंगात पहिल्या दिवसापासून आहे.

मी तयार झालो तेव्हा माझ्यात नाव, गाव, रक्तगट, तारखा अशा सरळ रकान्यांशिवाय शेवटी एक मोठा रकाना होता: शेरा. दादांनी तो इंग्रजीत ठेवला होता. ताईनं दोन दिवस वापरून पाहिला आणि म्हणाली, "दादा, समोर पेशंट असला की मले इंग्रजी सुचत नाही. मराठीत लिवता आलं पायजे."

त्या काळी संगणकाला मराठी येत नव्हतं. मग दादांनी तेव्हाची रीत वापरली. आत साठवायची इंग्रजी अक्षरं आणि वरून त्यांना मराठी अक्षरांचे कपडे घालायचे. कळफलकावर इंग्रजी 'जे' दाबलं की पडद्यावर 'र' दिसायचा, 'डी' दाबलं की 'क'. हे कपडे, म्हणजे तो फाँट, संगणकात वेगळ्या जागी राहायचा, माझ्यात नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. कपडे अंगावर असताना ते कुठल्या कपाटातले आहेत, हे कोण विचारतं?

आणखी एक गोष्ट दादांनी केली. शेरा लिहिलेल्या पेशंटचं नाव उघडलं, की मी संगणकाच्या पोटातल्या छोट्या भोंग्यातून तीनदा टूं टूं टूं वाजायचो. वाचणाऱ्याचं लक्ष नसलं तरी कान तर असतील, असं त्यांचं म्हणणं.

पंचवीस वर्षं मी त्या रक्तपेढीत काढली. मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापायची. ताई ओलं फडकं पिळून खिडकीला लावायची, माझ्यासाठी आधी, स्वतःसाठी मग. अक्षर चुकलं तर स्वतःवरच चिडायची, "काय करून राहिली संध्या." शेरा लिहून झाला की तो मोठ्यानं वाचायची, मग जतन करायची. उगाच कधी लिहिलं नाही. चार हजार एकशे अठरा पेशंट माझ्यात आले, त्यातल्या तीनशे बारा जणांपुढे शेरा आहे. प्रत्येक शेरा म्हणजे एक 'सांभाळा'.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत धर्मपालदादा गेले. ही बातमी ताईनं मला सांगितली नाही, पण त्या दिवशी तिनं दात्यांच्या यादीत त्यांचं नाव उघडलं आणि बराच वेळ काहीच दाबलं नाही. त्यानंतर मला दुरुस्त करू शकेल असं जगात कुणी उरलं नाही. मी तसाच चालत राहिलो, कुठलाही भाग न बिघडू देता. म्हातारी माणसं ओल्या फरशीवरून चालतात तसा.

मागच्या वर्षी ताई निवृत्त झाली आणि विश्वस्तांनी ठरवलं, अमरावतीची ही छोटी पेढी बंद करून अकोल्याच्या मोठ्या केंद्रात विलीन करायची. "जुना प्रोग्राम तिकडं हलवा," असं कुणीतरी म्हणालं. टेबल हलवा, कपाट हलवा, त्याच सुरात.

अकोल्याहून आकांक्षाचा फोन आला. ही तिथली संगणक इंजिनिअर, तिशीच्या आतबाहेरची, बोलायला नीट. तिनं सांगितल्याप्रमाणे निवृत्त ताईनं मुद्दाम पेढीत येऊन माझं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवलं. शिवाय जुना संगणकच्या संगणक अकोल्याच्या गोपालभाऊंनी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. गोपालभाऊ तिथले रक्त तपासणारे टेक्निशियन. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, रस्ताभर मी दोन ठिकाणी होतो, एक पेनड्राइव्हमध्ये झोपलेला आणि एक मागच्या सीटवर आदळणारा.

अकोल्यात पोचल्यावर जुना संगणक सुरूच झाला नाही. आतून कट्, कट्, कट् असा आवाज आला आणि तोही थांबला. आकांक्षानं दोनदा, तीनदा प्रयत्न केला. मग हळूच म्हणाली, "डिस्क गेली." म्हणजे आता मी एकच होतो, बोटाएवढ्या पेनड्राइव्हमधला.

नव्या संगणकाला माझी भाषा कळत नव्हती. त्यानं मला दारातूनच परत पाठवलं. मग आकांक्षानं त्याच्या पोटात एक खोटा जुना संगणक उभा केला, नव्या घरात जुन्या घराची एक खोली बांधावी तसा, आणि मला त्याच पेनड्राइव्हवरून तिथे जागं केलं. मी उघडलो. रकाने जागच्या जागी होते. नावं, गावं इंग्रजीत होती, ती ठीक दिसली. मला क्षणभर वाटलं, वाचलो.

मग तिनं शेऱ्याचा रकाना उघडला, आणि मी स्वतःला पाहिलं. तिथे मराठीचं एक अक्षरही नव्हतं. इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, वेड्यावाकड्या खुणा, असंच काहीबाही. कपडे मागे, त्या मेलेल्या संगणकातच राहिले होते. ते माझ्या फोल्डरमध्ये कधी नव्हतेच, मग कोण आठवणीनं उचलणार? मी सगळं जाणत होतो, सगळं सांगत होतो आणि माझ्या तोंडून बरळ निघत होती. लकव्याचा झटका आलेला माणूस पाणी मागतो आणि तोंडातून भलताच शब्द येतो, तसं माझं झालं होतं.

"ह्या कॉलममध्ये फाइल खराब झालेली दिसते," आकांक्षा स्वतःशीच म्हणाली. दोन ओळींची आज्ञा तिनं लिहायला घेतली. वाचता न येणारं जे असेल ते पुसून रकाना साफ करायचा. तिचं चुकत नव्हतं. अशा कचऱ्यानं पुढचं काम अडतं, तो आधी काढतातच. पण पुसलं गेलं असतं तर ते परत आणायला कुणीच नव्हतं.

आज्ञा लिहून झाली. एक बटण दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात दारातून गोपालभाऊ आले, मागे एक दमलेला माणूस.

"आकांक्षा, अमरावतीचं रेकॉर्ड उघडते का वं तुयं? हे देवमन इंगळे, हिवरखेडचे. यांच्या मिसेसले रक्त लावाचं हाय. म्हणतात, अमरावतीले नाव हाय आमचं."

"आशाबाई नाव हाय, साहेब," देवमन म्हणाले. "सिकलसेल हाय तिले. दर टायमाले अमरावतीलेच जात होतो. तिथल्या ताई कम्प्युटरमदी पाह्यल्याबिगर पिशवी देतच नव्हत्या."

आकांक्षानं नाव घातलं. आशाबाई देवमन इंगळे, हिवरखेड, ओ पॉझिटिव्ह. आणि शेरा. मी सगळा जीव एकवटून तीनदा वाजलो. पण नव्या संगणकाच्या पोटात तो भोंगाच नव्हता. खोली शांत राहिली. पंखा फिरत होता.

"हे खाली काय हाय?" गोपालभाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"खराब झालंय ते. गट बरोबर दिसतो पण."

"गट त मी आताच तपासला, ओ पॉझिटिव्हच हाय. बाकी टेस्टही साफ हाय. जुळते रक्त." ते देवमनकडे वळले. "चला, पिशवी देतो."

थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून पिशवी देवमनच्या हातात दिली गेली. रक्त दवाखान्यात नेऊन देण्याचं काम आपल्याकडे नातेवाईकच करतात. देवमन डबा छातीशी धरून निघाले. मी पडद्यावर उघडाच होतो, त्यांच्या बायकोच्या नावावर, आणि त्यांच्या चपलांचा आवाज जिना उतरत गेला. इतक्या वर्षांत मला असली भीती माहीत नव्हती. स्वतःच्या मरणाची नव्हती ती. आपल्याला ठाऊक असून आपल्यासमोरून माणूस जातोय, याची होती.

आकांक्षा पुन्हा तिच्या आज्ञेकडे वळली. बटण दाबण्यापूर्वी तिनं एक गोष्ट केली, तिच्या शिक्षकांचं भलं होवो. किती ओळी पुसल्या जाणार ते आधी मोजून पाहिलं. तीनशे बारा.

ती थांबली. खुर्चीत मागे रेलली. "चार हजारातल्या तीनशे बाराच कावून?" ती म्हणाली. "फाइल सडली असती त कुठंही सडली असती. बाकीच्यांचे शेऱ्याचे रकाने कोरे हायत, एकदम कोरे."

तिनं संध्याताईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग ताईचा आवाज.

"ताई, शेऱ्याच्या कॉलममध्ये कचरा दिसून राहिला. तिथं काही होतं का?"

"कचरा नोहे तो," ताई म्हणाली. "मी लिवलेलं हाय ते. पुसलं त नाही न तू?"

"नाही."

"आता कोणाचं नाव उघडं हाय तुयासमोर?"

"आशाबाई इंगळे, हिवरखेड. त्यांचे मिस्टर आताच पिशवी घेऊन गेले."

"तिच्यापुढं शेरा हाय?"

"आहे. म्हणजे इंग्रजी अक्षरं आहेत नुसती."

"मले आता तिचं काय लिवलं ते याद नाही, बाई. तीनशे लोकायचं कसं याद राहीन? पण शेरा हाय म्हंजे काहीतरी हाय. तू एक कर. जे अक्षर दिसते ते एकेक वाचून सांग. थांब, हात पुसते."

फोनमधून भांडं सरकवल्याचा आवाज आला.

आकांक्षा वाचू लागली. "एफ. डी. मोठा एम."

पलीकडे बोटं ओट्यावर टकटक वाजली. ताई कळफलक नसताना टाइप करत होती. अक्षर कानानं ऐकायचं, बोट त्या जागी जायचं आणि बोटाला ठाऊक असायचं की तिथे काय उमटतं. डोक्यानं विसरलेलं तिच्या बोटांत होतं.

"कि... ड. किड," ताई म्हणाली. किड म्हणजे रक्तातल्या त्या बारीक खुणांपैकी एक. तिचा आवाज बदलला होता. "पुढं सांग."

"कॉमा."

"कॉमा म्हंजे ए. किड ए. पुढं."

"यू. एल. वाय. एस. वाय. ए. पी."

टकटक. "न... स... ले... लं... च."

"जे. मोठा डी. आर."

"रक्त," ताई म्हणाली. "किड ए नसलेलंच रक्त द्या. बाई, पुढचं मंग वाचू. आधी थे पिशवी थांबव. टेस्ट साफ आली असन तरी थांबव."

आकांक्षा उठली तशी खुर्ची मागे पडली. तिनं गोपालभाऊंना हाक मारून सांगितलं. देवमनचा नंबर माझ्यात होता, पण तो दहा वर्षांपूर्वीचा. लावला तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला. दवाखान्याच्या वॉर्डाचा फोन लागत नव्हता. गोपालभाऊ मोटरसायकलची किल्ली घेऊन जिन्याकडे पळाले.

मग उरलं ते वाट पाहणं. कोपऱ्यातल्या घड्याळात बारा वाजायला आठ मिनिटं कमी होती. आकांक्षा टेबलावरच्या दुसऱ्या फोनवरून वॉर्डाचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. ताईनं फोन ठेवला नव्हता. तिचा कुकर एकदा वाजला, परत वाजला, तिनं तो बंद केला नाही.

बारा वाजून एकोणीस मिनिटांनी गोपालभाऊंचा फोन आला.

"घेतली परत," ते म्हणाले. दम लागला होता. "सिस्टरनं स्टँडले अडकवली होती. सुई जोडाची बाकी होती फक्त."

आकांक्षानं ते ताईला सांगितलं. फोनमधून ताईनं कुकर बंद केल्याचा आवाज आला.

उरलेला शेरा त्या दोघींनी नंतर वाचला: 'चाचणीत दिसत नाही. चाचणीवर जाऊ नका.' मग ताईनं सांगितलं तसं आकांक्षानं माझ्यातली दात्यांची यादी उघडली. त्यात खुणांचाही साधा इंग्रजी रकाना होता, आणि किड ए नसलेले ओ गटाचे अकरा दाते निघाले. तीन नंबर लागले नाहीत. चौथा लागला, मूर्तिजापूरच्या खुशालरावांचा.

"येतो न," ते म्हणाले. "जेवून येऊ का तसाच येऊ?"

"जेवून या," आकांक्षा म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी आशाबाईंना ते रक्त लागलं. दुसऱ्या दिवशी देवमन येऊन गेले. त्यांना नेमकं काय टळलं ते गोपालभाऊंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. देवमन ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता जेवली थे. चांगली हाय."

सोमवारी संध्याताई एसटीनं अकोल्याला आली. आकांक्षानं तिच्यासमोर कळफलक ठेवला आणि कुठल्या अक्षराखाली कुठलं अक्षर दडलं आहे याचा तक्ता दोघींनी मिळून लिहिला. त्या तक्त्यावरून माझे शेरे आता खऱ्या मराठी अक्षरांत येत आहेत, कपड्यांची गरज नसलेल्या. ते केंद्राच्या नव्या प्रोग्राममध्ये जातील. तक्त्यावर सगळं सोडून द्यायला ताई तयार नव्हती. प्रत्येक शेरा ती मोठ्यानं वाचते, मान हलवते, मगच पुढे. चार दिवसांत तीनशे अकरा झाले.

हे काम संपलं की मला बंद करायचं ठरलं होतं. शुक्रवारी. मी भ्यालो नाही असं म्हणणार नाही. या खोट्या खोलीत माझा श्वास तसाही दुसऱ्याच्या मेहरबानीवर चालतो. पण तीनशे अकरा जण पलीकडे सुखरूप पोचले, हे पाहून मी मनाची तयारी करत होतो.

राहिला एक. केशरबाई सोनोने, कौंडण्यपूर. बी पॉझिटिव्ह. शेवटचं रक्त दोन हजार नऊ साली. त्यांच्या शेऱ्यात दोनच शब्द आहेत: 'हिला कधीही'. त्यापुढे काही नाही. पेनड्राइव्हवर उतरवताना तुटला की त्याआधी कधी, ते मलाच कळत नाही. कधीही काय द्यायचं नाही? मी स्वतःला आतून चाचपून पाहतो आणि त्या जागी हात रिकामा पडतो. ताईलाही आठवत नाही. तिनं डोळे मिटून ओट्यासारखी टेबलावर बोटं ठेवली, 'हिला कधीही' टाइप केलं आणि बोटं तिथेच थांबली. नंबर लावला, तो अस्तित्वात नाही म्हणतात.

"शुक्रवारी बंद करायचं ना, ताई?" आकांक्षानं विचारलं.

"थे बाई सापडेपर्यंत नाही," ताई म्हणाली. "मी रविवारी कौंडण्यपूरले जाते. घर धुंडते. तवरिक याले चालू ठेव."

म्हणून मी अजून चालू आहे. तुम्ही त्या बाजूचे असाल, वर्धेच्या काठचे, आणि तुमच्या ओळखीत कुणी केशरबाई असतील, आता साठीच्या घरातल्या, पूर्वी अमरावतीला रक्त घेतलेल्या, तर त्यांना एवढं सांगा, कुठल्याही दवाखान्यात रक्त लावू लागले तर आधी थांबा म्हणावं, आणि अकोल्याला फोन करायला लावा. चाचणी साफ आली तरी. मला त्यांच्याबद्दल पूर्ण ठाऊक नाही. पण जे अर्धं ठाऊक आहे, ते मी सोडलेलं नाही.